अख्खा नारळ

नंदुरबारच्या स्टेशनापलीकडे रतिलाल शेठचं जिन होतं. कपाशी आत जाई, रुई एका अंगाला पडे, सरकी दुसऱ्या अंगाला. बायकांचा खोकला तेवढा कुठेच पडत नसे, तो त्या पदरात बांधून घरी नेत.

जिन म्हणजे सगळा कारखानाही आणि त्यातलं एकेक यंत्रही. अशी बावीस यंत्रं समोरासमोर दोन ओळींत उभी होती. प्रत्येकासमोर एक बाई. उजव्या हाताने कपाशी मोकळी करायची, डाव्या हाताने फिरत्या चामडी लाटेला, त्या जाड रुळाला, भरवायची, घास घास करून, हट्टी पोराला भरवावं तशी. फरक एवढाच की हे पोर कधी पुरे म्हणत नसे, आणि बोट सापडलं तर बोटही खात असे. सात नंबरच्या जिनासमोर तुळशीबाई एकोणीस हंगाम उभी होती. इंजिनाच्या पट्ट्याच्या खडखडाटात शेजारणीचं बोलणं ऐकू येत नसे, पण तुळशीबाईची ओवी येई. ती गळ्यातून गातच नसे, नाकपुड्यांतून गाई, आणि पट्ट्याचा ताल धरून गाई:

*जिन खाये कपाशी, रुई उडे पांढरी,*
*शेठनी भरनी पेढी, मन्ही मोकयी घागरी.*

रतिलाल शेठला वाटे, बाया देवाचं म्हणताहेत. तो पेढीवरच्या गादीवर बसून मान डोलवी.

या जिनात कामाला घेण्याचा कागद नव्हता. शेठचा आजोबा सुरतेकडून आला, त्याने घालून दिलेली एक रीत होती. दसऱ्याला इंजिनाची पूजा व्हायची, शेठ इंजिनाच्या पायथ्याशी एक नारळ फोडायचा आणि त्याचं खोबरं ज्याच्या ज्याच्या हातावर ठेवायचा, त्याचं त्या हंगामाचं काम पक्कं. ज्याच्या हातावर खोबरं आलं नाही, त्याने समजून जायचं आणि दुसरं जिन बघायचं. आजोबाचं वाक्य साऱ्या तालुक्याला पाठ होतं, गाडीवानांपासून हमालांपर्यंत: दसऱ्याचं खोबरं तोंडात, तो माणूस जिनात. बावीस बायांना आणि वर मिस्त्री, हमाल, मुनीम यांना एका नारळात बसवायचं म्हणजे तुकडे सुपारीएवढे होत. रतिलाल शेठच्या हातात कारभार आल्यापासून ते सुपारीच्या खांडाएवढे झाले. पण बाया तो तुकडा लगेच चावत नसत. गालात धरून घरापर्यंत नेत.

पासष्ट साली महागाईने कहर केला. ज्वारी, गोडेतेल, रॉकेल, सगळी भराभर जिना चढून माडीवर जाऊन बसली. जिनातला मजुरीचा रोज मात्र खालच्या पायरीवर बसून राहिला, गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्यासारखा. रेशनच्या दुकानात अमेरिकेची लाल ज्वारी आली. तिला मिलो म्हणत. तिची भाकर थापायला घेतली की कडेने फाटे, तव्यावर टाकली की रुसे, आणि पोटात गेली की भांडण काढी. जिनाचा फिटर वाहिद मिस्त्री एके दिवशी सांगत आला की अमेरिकेत ही ज्वारी म्हणे गुराढोरांना घालतात.

"मंग बरोबर जागावर उनी," तुळशीबाई म्हणाली आणि घास पुढे सरकवला.

तिची लेक रंजना तापीकाठच्या प्रकाशा गावी दिलेली होती. पहिलटकरीण. दसऱ्याला सातवा सरत होता. दिवाळी झाली की तुला माहेरी आणते, असं तुळशीबाईने विहिणीसमोर सांगून टाकलं होतं. डिंक, तूप, खारीक, बाळाला कुंची, दाराशी बाज. हे सगळं कशातून होणार, तर जिन सुरू झालं की. नवऱ्याची कंबर स्टेशनावर पोती उचलता उचलता गेलेली. तो ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या ओळखायचं काम करी. त्या कामाला रोज नव्हता. तेव्हा तुळशीबाईच्या घरातलं प्रत्येक वाक्य आता याच शब्दांनी सुरू होई: जिन सुरू झालं की.

दसऱ्याच्या आदल्या दुपारी वाहिद मिस्त्री तिच्या दाराशी आला. हा माणूस घरात उर्दू बोले, इंजिनाशी शिव्या बोले आणि बायांशी अहिराणी. त्या दिवशी तो आधी दाराशीच बसला. पाणी प्याला, टोपी काढली, टोपीतली रुई झटकली. मग सांगू लागला. सुरतेहून मालगाडीने लाकडी पेटारे आले आहेत. आत लोखंडी पाळणे आहेत. पाळणा जिनाच्या डोक्यावर बसवायचा, त्यात वरून कपाशी ओतायची, तो हलत राहतो आणि कपाशी आपोआप खाली सोडतो. भरवायला बाई नको. नुसती लक्ष ठेवायला एक बाई, तीही दोन जिनांना मिळून. शेठने सांगितलंय, अकरा बाया ठेवायच्या, जवान बघून. आणि मुनीम मघाशी बाजारातून अकरा नारळ घेऊन आलाय.

तुळशीबाई पाळण्याचीच वाट बघत होती. पण हा पाळणा तिने सांगितला नव्हता.

"अकरा नारय कसाले?" तिने विचारलं.

वाहिद म्हणाला, जुन्या बायांचा सत्कार आहे. शेठने वकिलाला विचारलंय. वकील म्हणाला, ज्यांना कागदाने घेतलं नाही त्यांना कागदाने काढायचं कशाला. मानाने काढा. अख्खा अख्खा नारळ द्या, दोन शब्द बोला, हात जोडा. कोणी कोर्टात गेलं तर म्हणता येईल, साहेब, आम्ही तर सत्कार केला होता.

शेजारची जाहेदा हे ऐकत उंबऱ्याशी येऊन टेकली होती. ती आठ नंबरवर उभी राही. तुळशीबाईच्या ओवीचं दुसरं चरण तीच उचले. तिने अख्खा नारळ एवढंच ऐकलं आणि तिचा चेहरा उजळला. बारा वर्षांत सुपारीच्या खांडापलीकडे काही हातावर आलं नव्हतं.

"अख्खा? मंग मानच शे ना वं आक्का. मी त्याना पुरा कीस करसू, सालनमा टाकसू."

तुळशीबाईने तिच्याकडे बघितलं, जिनात बोट घालायला निघालेल्या पोराकडे बघावं तसं.

"जाहेदा, येडी का काय तू? देवले नारय म्हंजे पूजा. आमले नारय म्हंजे रजा."

जाहेदाला आधी हसू आलं, कारण ते जुळलं होतं. मग तिला ते कळलं.

दसऱ्याच्या सकाळी इंजिनाला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. एरवी तेलाने काळंकुट्ट असलेलं ते धूड हळदीकुंकवाने असं सजलं होतं की जणू त्याचंच लग्न. बावीस बाया धुतलेली लुगडी नेसून दोन ओळींत बसल्या. समोर खुर्च्या. मधल्या खुर्चीत पाहुणे म्हणून हिंमतराव पाटील. तापीकाठचा मोठा शेतकरी, त्याच्या एकट्याच्या कपाशीवर जिन महिनाभर चाले. पांढरं धोतर, पिळदार मिशी आणि कायम घाईत असलेला चेहरा, जणू त्याची कपाशी तो नसताना झाडावर भाव गमावत बसली आहे.

शेठने आजोबाच्या रीतीने नारळ फोडला. मुनीम पितांबरने त्याचे तुकडे ताटलीत घेतले. पण ताटली फिरली नाही. ती खुर्चीखाली गेली आणि शेठ बोलायला उभा राहिला.

तो चांगला बोलत असे. मराठीने सुरू करी, गुजरातीत रमे आणि पैशाचं सांगायचं झालं की हिंदीत शिरे. आधी त्याने देशावर आलेल्या संकटाचं सांगितलं. लढाई झाली, धान्य कमी आहे, सरकारने सोमवारी रात्री जेवू नका म्हटलंय, आपण सगळ्यांनी सोमवार पाळला पाहिजे. बायांच्या ओळीतून कोणीतरी पुटपुटलं की आमचा सोमवार तर मंगळवारपासूनच सुरू होतो. ते शेठला ऐकू गेलं नाही. मग त्याने खिशातून एक गुजराती वर्तमानपत्र काढलं, चष्मा लावला आणि अमेरिकेला हात घातला. जगात सगळीकडे हेच आहे, तो म्हणाला. अमेरिकेत बघा, केवढा श्रीमंत देश. तिथेही दूध महाग, मटण महाग, घरभाडं महाग. मोटारीच्या कारखान्यात नवं यंत्र आलं की संध्याकाळी हजार हजार मजुरांना सांगतात, उद्यापासून येऊ नका. पण तिथला मजूर शहाणा. रडत नाही, भांडत नाही. टोपी घालतो आणि घरी जातो.

एवढं बोलून त्याने चष्मा काढला आणि कौतुकाने सगळ्यांकडे बघितलं, जणू अमेरिकेतल्या त्या हजार माणसांना त्यानेच वळण लावलं होतं.

तुळशीबाई उभी राहिली. डोक्यावरचा पदर नीट केला.

"शेठ, एक इचारू? तठला कारखानामा बी रतिलाल शेठ शे का?"

आधी हमाल हसले, मग बाया. हिंमतराव पाटलाने मिशीवरून हात फिरवला आणि हात तिथेच ठेवला, कारण खाली तोंड हसत होतं. शेठही हसला. आपलं नाव अमेरिकेपर्यंत पोचलं, एवढाच अर्थ त्याने घेतला असावा.

तुळशीबाई खाली बसली, पण ती हसली नाही. तिला कुठली अमेरिका ठाऊक. लाल ज्वारीच्या पोत्यावर काही अक्षरं असायची, तेवढीच तिची अमेरिका. पण त्या क्षणी तिला तिकडची एक बाई दिसली. तिचंही काहीतरी नंबराचं यंत्र असेल. बोटांना एकाच घासाची सवय झाली असेल. तिचीही लेक कुठे दिलेली असेल आणि दिवस भरत आले असतील. संध्याकाळी कोणीतरी चष्मा लावून तिला सांगत असेल की दूर नंदुरबार म्हणून गाव आहे, तिथल्या बाया बघा किती शहाण्या, नारळ घेतात आणि घरी जातात.

मग सत्कार सुरू झाला. मुनीम नाव घेई, बाई उठे, शेठ अख्खा नारळ तिच्या ओटीत घाली आणि हात जोडी. पहिलं नाव तुळशीबाईचं, दुसरं जाहेदाचं. जोडलेल्या हातांमुळे शेठचा चेहरा कसा गोड दिसत होता. चोर चोरी करून निघताना देव्हाऱ्याला नमस्कार करतो, तो तेव्हा असाच दिसत असणार. अकराही जणी नारळ मांडीवर घेऊन बसल्या. त्यातल्या चार-पाच जणींना अजूनही तो मानच वाटत होता आणि त्या नारळाची शेंडी प्रेमाने कुरवाळत होत्या. मग खुर्चीखालची ताटली निघाली आणि उरलेल्या अकराजणींच्या हातांवर फिरली. या बाजूला खोबरं, त्या बाजूला नारळ. मांडीवर नारळ घेतलेल्यांपैकी एकीने रिकामा हात पुढे केला. पितांबर मुनिमाने तो हात चुकवला, नाल्यावरून उडी मारावी तसा. तेव्हा त्या चार-पाच जणींनाही कळलं.

आता जायचं. जाताना देवाला नमस्कार करायचा, एवढंच राहिलं होतं.

तुळशीबाई उठली. दाराकडे न जाता इंजिनाकडे गेली. पायथ्याच्या लोखंडी चौथऱ्यावर अजून शेठने फोडलेल्या नारळाचं पाणी ओलं होतं. तिने आपल्या नारळाची शेंडी मुठीत धरली, डोळे मिटले, आणि त्याच जागी नारळ आपटला. एका घावात दोन भकलं झाली. पाणी इंजिनाच्या पायावर सांडलं. नारळ चांगला निघाला, पांढरा आणि जाड. एवढी एकच गोष्ट शेठने नकळत चांगली दिली होती.

वाहिद मिस्त्री पान्हे पुसत बाजूला उभा होता. त्याने पोलादी पट्टी तिच्या हातात दिली. ती चौथऱ्याशी बसून खोबऱ्याचे तुकडे करू लागली. मोठे तुकडे, दोन बोटं रुंद.

शेठ खुर्चीतून अर्धा उठला. तो गुजरातीत म्हणाला, "तुळशीबाई, आ तो तमारो मान छे. घेर लई जाव."

तिने मान वर केली नाही. ती म्हणाली, "मानच शे, शेठ. तुमना घरमा श्रीफळ दिन्हं म्हंजे सोयरीक जुयस. मंग आमनी बी जुयनी. सोयरिकनं खोबरं वाटनं पडस."

शेठच्या मोठ्या मुलीची सोयरीक गेल्याच महिन्यात जुळली होती. व्याह्यांनी श्रीफळ आणलं होतं आणि हिंमतराव पाटील त्या पंगतीला होता. त्याला ते आठवलं असावं, कारण तो चांगलाच सावरून बसला.

तिने पहिला तुकडा जाहेदाच्या हातावर ठेवला. मग मांडीवर नारळ घेऊन बसलेल्या एकेकीच्या. दसऱ्याच्या दिवशी इंजिनासमोर फोडलेल्या नारळाचं खोबरं, ते काय दुसरं झालं? ते कोणाच्या हाताने फोडलं, हे आजोबाच्या वाक्यात नव्हतंच. दहाही जणींनी तुकडा गालात धरला. तुळशीबाईने स्वतःचा तुकडा शेवटी ठेवला, कारण आधी दोन तुकडे जायचे होते. एक तिने हिंमतराव पाटलासमोर धरला. देवाचा प्रसाद, दसऱ्याचा दिवस आणि घरात कपाशी भरलेली. पाटलाने दोन्ही हात पुढे केले आणि खाल्ला.

दुसरा तुकडा तिने रतिलाल शेठसमोर धरला. शेठचे हात खुर्चीच्या हातांवरच राहिले. चारही बाजूंनी माणसं बघत होती. इंजिनावरून झेंडूच्या माळा लोंबत होत्या.

"घ्या, शेठ," ती हळूच म्हणाली. "तुमले बी काम भेटी."

त्याने तो तुकडा घेतला. चावला. गिळायला त्याला फार वेळ लागला. मग तुळशीबाईने आपला तुकडा गालात धरला.

दसऱ्यानंतरच्या गुरुवारी जिन सुरू व्हायचं होतं. भोंगा झाला तेव्हा फाटकाशी बावीस बाया उभ्या होत्या. मुनीम पितांबर अकरा नावांचा कागद घेऊन आला. एवढ्या वर्षांत जिनात बायांच्या नावाने निघालेला हा पहिलाच कागद. त्याने नावं वाचली. बाया ऐकत राहिल्या. ज्यांची नावं होती त्याही आत गेल्या नाहीत. जागा एकच होती, फाटकाची, आणि ती अडवायला कोणी सांगितलं नव्हतं, पण बावीस बाया उभ्या राहिल्या की फाटक आपोआप अडतं.

मागे रस्त्यावर हिंमतराव पाटलाच्या कपाशीच्या गाड्या येऊन लागल्या होत्या. एकामागे एक, रेल्वेच्या फाटकापर्यंत. बैल रवंथ करीत होते. गाडीवानांनी खाली उतरून बिड्या पेटवल्या, मग पेटत्या बिड्या कपाशीजवळ नकोत म्हणून विझवल्या आणि एकमेकांना सांगू लागले की ह्या बायांनी दसऱ्याचं खोबरं खाल्लंय. शेठने त्यांच्या हातचं खाल्लंय. आमच्या पाटलानेही.

आत वाहिद मिस्त्री इंजिनाच्या उघड्या झाकणात मान घालून बसला होता. शेठने तीनदा विचारलं, काय बिघडलं. त्याने तीनदा सांगितलं, बघतोय.

दुपारी पाटील स्वतः आला. हिंमतराव पाटील काही दयाळू माणूस नव्हता. त्याच्या स्वतःच्या शेतावर वेचणीच्या बाया त्याच्या नावाने बोटं मोडत. पण तो घाईचा माणूस होता, आणि घाईचा माणूस अपशकुनाला फार भितो. तो शेठला एका बाजूला घेऊन गेला आणि म्हणाला ते मुनिमाने ऐकलं. म्हणून ते साऱ्या गावाला कळलं. पाटील म्हणाला, रतिलालभाई, मी तिच्या हातचं खाल्लंय, तूही खाल्लंयस. दसऱ्याचा शब्द मोडलास आणि माझ्या रुईला काही लागलं, आग लागली, पाऊस लागला, तर मी कोणाच्या तोंडाकडे बघू? माझ्या गाड्या वळवू का समोरच्या जिनाकडे?

शेठने गाड्यांकडे बघितलं. मग बायांकडे. मग तो आत गेला आणि थोड्या वेळाने इंजिन धडधडू लागलं. वाहिद मिस्त्रीला शेवटी बिघाड सापडला होता म्हणे.

लोखंडी पाळणे त्या हंगामात अकराच जिनांवर बसले, त्यांच्यापाशीही एकेक बाई राहिली आणि उरलेल्या अकरांवर बायाच भरवत राहिल्या. सात नंबरसमोर तुळशीबाई, आठसमोर जाहेदा. रंजनाला दिवाळीनंतर आणलं. मार्गशीर्षात मुलगी झाली. डिंकाचे लाडू तूप कमी पडल्यामुळे जरा कोरडे झाले, पण झाले. खोबरं मात्र त्यात भरपूर होतं. दहा नारळ शिल्लक होते, दहाही जणींनी आणून दिले.

रोज त्या वर्षीही वाढला नाही. लाल ज्वारी संपली नाही. शेठने सगळ्यांना ऐकवलं की ही त्याची मेहेरबानी होती, एका हंगामापुरती. आणि पुढच्या हंगामासाठी त्याने शहाणपण केलं. नारळ फार महाग झालेत, असं सांगून त्याने पूजेतून नारळच काढून टाकला. नुसती आरती. हातावर बत्तासे. बत्ताशाला कसली रीत चिकटलेली नव्हती. तो जिभेवर ठेवला की विरघळतो, घरापर्यंतही जात नाही.

सहासष्टच्या दसऱ्याला आरती झाली. मुनीम बत्ताशांची ताटली घेऊन निघाला. बाया एकमेकींकडे बघून हसत होत्या. ओळीतून नाकातल्या आवाजात कोणीतरी सुरू केलं:

*नारय उना महाग, देव उपाशी बठना,*
*शेठना कंजूस हात बत्तासावर अटकना.*

रतिलाल शेठने डोळे मिटून मान डोलवली.

त्याने डोळे उघडले तेव्हा तुळशीबाई इंजिनाशी पोचली होती. तिची नात कडेवर होती आणि ओच्यातून नारळाची शेंडी बाहेर डोकावत होती.